नखावरचा थेंब

झाईच्या किनाऱ्यावर मालूइतक्या झपाट्याने कोलंबी सोलणारी दुसरी बाई नव्हती. गेल्या वर्षापासून मात्र तिच्या अंगठ्याचं नख मधोमध खचलं, कडेने चिरायला लागलं. बोटांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की ती डोळे मिटून घेई. "मिठाने खाल्लं," म्हणायची. शेजारणी माना डोलवायच्या. त्यांचीही नखं तशीच.

आरोग्य उपकेंद्रातल्या कविता सिस्टरने त्या नखावर पाण्याचा थेंब सोडला. तो ओघळला नाही. वाटीत बसावा तसा बसून राहिला.

"मीठ वरून खातं, मालूबाय. हे आतून आहे. नख, केस, कातडी रोज नवी घडत असते. लोह नाही, जस्त नाही, प्रथिनं नाहीत, तर घडणार कशातून? लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेता ना?"

"रोज. मळमळतं, म्हणून चहाबरोबर."

"चहा लोह अंगी लागू देत नाही हो! बरं, मासळी तरी खाता?"

"मासेवालीला विचारता?" मालू हसली. बरी मासळी टोपलीतून बाजारात जाई. उरलेल्या तुकड्या होडीवर जाणाऱ्यांच्या, म्हणजे नवरा गणू आणि मुलगा जिग्नेश यांच्या. तिच्या ताटात भात आणि कालवण. कुणी विचारलंच तर ती म्हणे, "मला काटे नाही आवडत." लग्नापासून हेच.

घरी आली तेव्हा सोळा वर्षांची लेक भाविनी केस विंचरत होती. फणी केसांनी भरली होती. मालूने तिचा अंगठा ओढून घेतला, पदराने पुसला आणि तांब्यातला थेंब सोडला.

थेंब थरथरला आणि थांबला.

"काय करते गो आये?"

"गप बस."

दुपारी मालूने सुरमईची मधली तुकडी पहिल्यांदा भाविनीला वाढली.

"आज होडीवर पोरगी जाणार काय?" गणू म्हणाला. जिग्नेश खिदळला.

"तुम्ही दोघं घडून बसलात. तिचं अंग घडायचंय अजून."

गणूने मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. मालू भात आणायला चुलीपाशी गेली. परतली तर तुकडी जिग्नेशच्या ताटात होती, अर्धी खाल्लेली. भाविनी भातात कालवण कालवत होती.

"तू दिलीस?"

भाविनीने वर पाहिलंही नाही.

"मला काटे नाही आवडत," ती म्हणाली.