आई शीळ घालायला शिकली

माझी आई, भागाबाई, सत्तरीत शीळ घालायला शिकली. आमच्या मरोदा वस्तीतल्या बायका पोटभर हसल्या. हसोत बापड्या! त्या शिळेमुळेच माझे बाबा आज दारात बसलेले दिसतात.

बाबांचं नाव नरहरी. पोलादाच्या कारखान्यातून, कोळसा भाजायच्या कोक ओव्हनवरून रिटायर झाले आणि त्यांनी चंद्री नावाची गाय पाळली. नागपूरकडच्या गावात बैलांना पाणी पाजताना हलकी शीळ घालायची त्यांची सवय होती, तीच चंद्रीसाठीही चालू राहिली. शीळ सुरू झाली की ती बादलीत तोंड घाली आणि निवांत पिई.

गेल्या मे महिन्यात बाबा काहीबाही बरळायला लागले. एके दुपारी त्यांनी आईलाच विचारलं, "बाई, तुमी कोनाकडच्या?" आई तोंडाला पदर लावून रडली. नातेवाइकांनी फोनवरूनच निकाल दिला, म्हातारपण आलं, डोकं गेलं, आता असंच चालायचं. मला असला राग आला! संध्याकाळी बाबा गोठ्यातच कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांची सुकलेली जीभ पाहिली आणि सलाईन लावलं. सकाळी बाबांनी डोळे उघडले. "भागा, चंद्रीले पाणी पाजलं का?" आईने तिथल्या तिथे हात जोडले, देवाला की डॉक्टरीणबाईंना, कोण जाणे.

बाई म्हणाल्या, "अंगातलं पाणी कमी झालं की रक्त खारट होतं, मग मेंदू तहान लावतो. गाईचंही तसंच. प्यायलेलं पाणी रक्तात पोचायच्या आधीच घसा तिला कळवतो, आता पुरे. पण म्हातारपणी तहान नीट लागतच नाही. यांना तहानेची वाट पाहू देऊ नका."

घरी आल्यावर बाबांचा एकच हट्ट. "तहान नाही लागून राहिली, तं कावून पिऊ?" आईने समजावलं, रागावून पाण्याचा गडवा आपटला. काही उपयोग नाही. शेवटी एका सकाळी तिने त्यांना चंद्रीच्या बादलीशेजारी बसवलं, हातात गडवा दिला आणि ओठांचा चंबू केला. नुसती फुसफुस! चंद्रीनेही मान वर करून पाहिलं. बाबा खो खो हसले. "मी काय गाय आहो?" म्हणाले आणि गडवा रिकामा केला.

तेव्हापासून चंद्रीला पाणी दाखवलं की बाबांनाही मिळतं. आईची शीळ आता चांगली वाजते. तिचे उपकार मी कसे फेडू?

परवा आई अंगणात वड्या घालत बसली होती. ओठ पार सुकलेले. मी पाणी नेलं तर म्हणते, "मले तहान नाही वं."

बाबा दारातून उठले. भिंतीला धरत धरत तिच्यापर्यंत गेले, माझ्या हातातला गडवा घेऊन तिच्यापुढे धरला आणि शीळ घातली, गावाकडची, बैलांची. आईने डोळे पुसले आणि ती सगळं पाणी प्याली.