नावं ठेवून घेतलेला कॅमेरा

वीस नोव्हेंबर दोन हजार सात. दुकानामागच्या अंगणात मी स्टुडिओचा पडदा पसरून साबणाच्या पाण्यानं पुसत होते. पडद्यावर निळं तळं, तळ्यात दोन बदकं, मागं बर्फाचे डोंगर. आखाडा बाळापुरातल्या निम्म्या लोकांनी जन्मात एकदा तरी या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढून घेतला आहे. डावीकडचं बदक पुसट झालं होतं, म्हणून तिथं हात हलका चालवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "सूनबाई, तळं आटलं बघ पुसून पुसून. कवाची घासून राहिली?"

मामंजी आले होते. मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे. जगात विकत घेण्यासारखी जी जी वस्तू आहे ती मुळात बैल आहे, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बैलाची पारख ही त्यांची विद्या. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मामंजींना चहा पाजायचा, मग बाजारात न्यायचं. मामंजी बैलाभोवती एक चक्कर मारत, ओठ वर करून दात बघत, पाठीवरून हात फिरवत आणि मग तिसरीकडंच बघत उभे राहत. घ्यायचा असला तर तंबाखू मळायला सुरुवात, नसला तर सरळ चालू लागायचं. आमच्या भागातल्या निम्म्या बैलांना त्यांच्या तंबाखूमुळं घर मिळालं आहे.

तक्रार एवढीच, की ही विद्या त्यांनी बैलांपुरती ठेवली नाही. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून वारंगा फाट्याच्या रस्त्यानं मैलभर जायचे आणि परत यायचे. दुकानदार बिचारा त्यांची जुनी चप्पल सांभाळत बसायचा. रेडिओ घेताना त्यांनी तो उन्हात ठेवला, तासाभरानं उचलला आणि म्हणाले, "धापा टाकत न्हाई. चालंल." चुलतसासूबाईंसाठी कुकर आणला तेव्हा शिट्टीकडं लक्षच दिलं नाही, दोन्ही कान धरून तो हलवला आणि खांदा मजबूत असल्याचं जाहीर केलं. एकदा दाढ दुखत होती म्हणून हिंगोलीला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला तोंड उघडा, हे म्हणाले, "आधी तुमी उघडा." त्याचे दात बघितले, मान हलवली, मग खुर्चीत बसले.

त्यांचे दोन कायदे होते. पहिला, नवा बैल घ्यायला जाताना जुना जोडीदार सोबत न्यायचा. उंची जुळते का, चाल जुळते का, ते शेजारी उभं करून बघायचं. जोडी लागत नसेल तर बैल कितीही देखणा असो, सोडून द्यायचा. दुसरा कायदा असा की जे मनात भरलं त्याला चारचौघांत नावं ठेवायची. शिंग वाकडं, खूर पसरट, डोळ्यात पाणी. जेवढ्या खोडी जास्त, तेवढा बैल पसंत. हे सगळ्या बाजाराला ठाऊक असायचं, त्यामुळं विकणारा खोडी ऐकून खूश व्हायचा.

मला बघायला आले होते तेव्हाही मामंजीच पुढं होते. पाणी दिलं, चार पावलं चालून दाखवलं. मामंजी माझ्या वडलांना म्हणाले, "पोरगी उजवा पाय जोरात टाकते. आवाजबी मोठा हाय." माझी आई आत रडत बसली. दुसऱ्या दिवशी होकार आला. मी मात्र तो उजवा पाय पुढं वीस वर्षं विसरले नाही.

त्या नोव्हेंबरात दुकानाचं अवघड होतं. हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन दीड वर्ष झालं होतं. फोटो हे काढायचे. मी गल्ल्यावर बसायचे, निगेटिव्ह कापायचे, अल्बम चिकटवायचे. ते गेल्यावर मी यांच्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढून दुकान उघडं ठेवलं होतं. पण समोरच नवा स्टुडिओ आला, त्याच्याकडं डिजिटल, काढल्या काढल्या फोटो दिसणार. माझ्याकडं लग्नाची एकच सुपारी उरली होती, जवळच्या बंजारा तांड्याच्या नाईकांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, मुलीची. नाईक आमच्या यांचे जुने गिऱ्हाईक. ते स्पष्ट बोलले, "ताई, दादाकडं बघून तुमाला सांगून राहिलो. पन यंदा तांड्यात आनखी चार लग्नं हायेत. ह्या लग्नाचे फोटो बराबर आले तर तीबी तुमची. न्हाईतर आमी समोर जातो, राग मानू नका." माझा भाऊ म्हणत होता, दुकान मोबाइल रिचार्जवाल्याला देऊन टाक. रिचार्जवाला दर सोमवारी येऊन मोजपट्टीनं भिंत मोजून जायचा. लग्न डिसेंबरात होतं. त्याला मी लग्नाचा अल्बम दिल्यानंतरचा सोमवार सांगितला होता. त्या सोमवारी किल्ली द्यायची, नाहीतर कायमची ठेवायची.

तर कॅमेरा घ्यायचा होता. काच, म्हणजे लेन्स, बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा, जो मी हातातसुद्धा धरला नव्हता. नांदेडला एकटी जाणार होते. मामंजी म्हणाले, "काहून एकटी? पारख कोन करनार?" मी म्हटलं, मामंजी, कॅमेरा आहे. ते म्हणाले, "असू दे की." आणि खुंटीवरचा यांचा जुना कॅमेरा स्वतःच्या गळ्यात अडकवून जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. जोडीदार सोबत घेतला होता.

दुकानात काचेच्या कपाटात दहाबारा कॅमेरे होते. दुकानदारानं सगळ्यात मोठा काढला. "मॅडम, दहा मेगापिक्सेल. ट्रकएवढा फोटो निघेल."

"ट्रकएवढा लावायचा कुठं?" मामंजींनी विचारलं. "आमच्या बाळापुरात येवढी भिंत कुनाकडं हाय? सहावाला दावा."

दुकानदाराला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण ते खरंच होतं. मला अल्बम करायचे होते, त्याला सहा पुष्कळ होते. मामंजींनी एकेक कॅमेरा माझ्या हातात द्यायला लावला. तो दहावाला इतका जड की माझं मनगट वाकलं. "दिवसभर औत धरायचं हाय हिला. फुडं." एक इतका छोटा की माझी बोटं एकमेकांवर चढली. "ह्यो खोंड हाय. फुडं." तिसरा हातात बसला. बोट आपोआप बटणावर गेलं. तो टेबलावर गिऱ्हाइकांनी हाताळायला ठेवलेला नमुना होता, पट्ट्याला साखळी लावून टेबलाला बांधलेला. नवे डबे वेगळे होते, त्यातला या जातीचा एकच उरला होता. मामंजींनी नमुन्यावरचं नाव वाचायला सांगितलं, मग गळ्यातल्या जुन्यावरचं. कंपनी एकच होती.

"आता जोड लावून बग."

मी यांच्या कॅमेऱ्याची काच काढली आणि नव्याच्या तोंडाशी धरून फिरवली. टक् करून बसली. वीस वर्षांपूर्वीची काच होती. दुकानदारसुद्धा पुढं झुकला. मामंजींनी खिशातून तंबाखूची चंची काढली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तिथं गप्प बसायला हवं होतं. पण मामंजींनी डोळ्यानं खूण केली आणि मीही इतक्या वर्षांत त्याच घरात मुरलेली. मी सुरू केलं. रंग काळाच आहे, पडदा पाठीमागचा लहान आहे, बटणं फार आहेत, आवाज करतो. मामंजींनी भर घातली, "उजवीकडं कलतो." चांगलं पाच मिनिटं आम्ही त्या कॅमेऱ्याला सोलून काढलं. शेजारी एक तरुण फोटोग्राफर उभा होता. दुकानदार भला माणूस. त्यानं आमची नाराजी खरी मानली, तो उरलेला एकुलता डबा उचलला आणि त्या तरुणाला म्हणाला, "लीजिए, इनको पसंद नहीं है." दोन मिनिटांत पावती झाली आणि कॅमेरा दारातून गेला.

मामंजींचा मळलेला तंबाखू तळहातावरच राहिला. "ह्याला येवढंबी कळंना? आमी खोडी काढून राहिलो म्हंजी घ्यायचा हाय की!" दुकानदार म्हणाला, "काका, मग तसं सांगायचं ना." असं सांगणारी माणसं जगात असतात, हे मामंजींना बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नवा डबा यायला महिना लागणार होता. लग्न सतरा दिवसांवर. मी म्हटलं चला, दहावाला घेऊ, मनगटाचं मनगट बघेल. पण मामंजी त्या साखळीच्या कॅमेऱ्याकडं बघत होते. "ह्यो कवापासून बांधलाय?" सहा महिन्यांपासून, दुकानदार म्हणाला, पण तो हाताळलेला आहे, शंभर लोकांनी दाबलाय, दोनदा पडलाय. मामंजींचा चेहरा उजळला. "शंभर जनांनी जुंपला आन् तरी चालून राहिला? आन् तू आमाला ते डब्यातलं न जुंपलेलं देऊन राहिला व्हतास?" त्यांनी उपरण्याखाली दुकानदाराचा हात धरला आणि बैलबाजारात करतात तसा बोटांनी सौदा सुरू केला. दुकानदाराला बोटांची भाषा येत नव्हती, पण गुदगुल्या होत असाव्यात, कारण हसता हसता तो कबूल झाला. मामंजींनी साखळी स्वतः सोडली. जुना कॅमेरा बदल्यात देता का, असं दुकानदारानं विचारलं. मी देणारही होते. मामंजी म्हणाले, "म्हातारा जोडीदार दावनीला ऱ्हातो. त्याला इकत न्हाईत."

लग्नाच्या दिवशी तांड्यावर मी तीन वाजताच पोचले. मामंजी पिशवी धरून मागं. बायका आरशाचं काम केलेल्या घागऱ्या-चोळ्यांत गाणी म्हणत होत्या. मी फ्लॅश लावून पहिले दहा फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले. प्रत्येक आरशावर पांढरा डाग. बायकांच्या जागी नुसते दिवे चमकत होते. त्या सोमवारची किल्ली मला डोळ्यांपुढं दिसली. मग आठवलं, तांड्यावरचे यांचे फोटो मी स्वतः अल्बमात चिकटवले होते, त्यात एकही डाग नसायचा. हे तिथं फ्लॅश लावतच नसत. सगळं त्या जुन्या काचेवर काढायचे, ती थोड्या उजेडातही भागवून घ्यायची.

मी काच बदलली. पण नवा कॅमेरा जुन्या काचेला ओळखेना, त्यानं हात वर केले. उजेड, अंतर सगळं मलाच ठरवायचं. पहिला फोटो काळा. दुसरा काळा. तिसरा पांढराफटक. फिल्मवर असते तर मला हे आठवड्यानं कळलं असतं. इथं जागेवर कळत होतं. मामंजी मागून म्हणाले, "नवी जोडी हाय, नांगराचे पहिले चार तास वाकडी चालनारच. तू हाक." पाचवा बरोबर आला. त्यानंतर मी मागं बघितलंच नाही.

गोरज मुहूर्तावर वीज गेली. व्हिडिओवाल्याचा दिवा विझला, तो खुर्चीत जाऊन बसला. मांडवात पेट्रोमॅक्स आला. नवरी मान वर करून बघत होती आणि तिच्या ओढणीच्या प्रत्येक आरशात एकेक ज्योत होती. मी श्वास रोखून बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मांडवात त्या वेळी चालू असलेला एकमेव कॅमेरा माझा होता.

अल्बम दिल्यावर दुसऱ्याच दिवशी नाईक दुकानात आले. "ताई, पोरीच्या मायनं अल्बम उशाखाली घेतलाय, मला बघू देईना. चारी लग्नं तुमची. समोरच्याला मी सांगून आलो." सोमवारी रिचार्जवाला मोजपट्टी घेऊन आला. मी त्याला चहा पाजला आणि मोजपट्टी त्याच्या खिशात घातली. किल्ली आजही माझ्याकडं आहे.

त्या संध्याकाळी मामंजी दुकानात आले. माझ्याकडं अल्बमची एक प्रत होती, ती घेऊन बाकावर बसले. एकेक पान उलटत होते. "नवरीचं नाक मोठं आलंय." पान. "नाईक वाकून बसल्यावानी दिसून राहिला." पान. "ह्या बाईचा डोळा मिटलाय." पान. "पेट्रोमॅक्स जास्तच पिवळा." मी चिडले. चार लग्नं मिळवली होती मी, सगळा बाजार नाव घेत होता आणि यांचं तोंड काही गोड होईना. बोलणारच होते. तेवढ्यात बघितलं, तर त्यांच्या तळहातावर तंबाखू होता आणि ते दुसरीकडंच, पडद्यावरच्या बदकांकडं बघत मळत होते.

मला एकदम माझा उजवा पाय आठवला. मोठा आवाज आठवला. हे गेल्यावर पंधराव्या दिवशी मी दुकान उघडलं, सगळी भावकी कुजबुजत होती, तेव्हा मामंजी एकटेच रस्त्यात उभं राहून ओरडले होते, "शटरबी नीट वर करता येत न्हाई हिला!" आणि शटर वर होईपर्यंत तिथंच उभे राहिले होते. वीस वर्षं मी खोडी मोजत होते. बाजाराला जे कळत होतं ते मला घरात कळलं नव्हतं.

मी पदर नीट केला आणि चहा टाकला.

मामंजींचा एकही फोटो नव्हता. कधी म्हटलं की म्हणायचे, "त्या तळ्याच्या पान्यात कोन उभा ऱ्हाईल?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी काच लावलेला कॅमेरा गळ्यात घालून त्यांच्या गोठ्यावर गेले. ते म्हाताऱ्या बैलाच्या मानेखाली खाजवत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्या मोठ्या आवाजात म्हटलं, "मामंजी, दाढी वाढलीये. पाठीत पोक आलंय. बंडीला भोक आहे. कान तर केवढे!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आधी कळलं नाही, मग कळलं. बैलाच्या मानेवर हात ठेवून ते ताठ उभे राहिले आणि मी बटण दाबलं.