पितृपक्षातली गाडी

माझ्या रागाविषयी नात्यात बरंच बोललं जातं, आणि त्यातलं निम्मं खरं आहे. भाजीवालीशी मी घासाघीस करत नाही. ऑटोवाल्याने मीटरवर वीस रुपये जास्त मागितले तर कुरकुरत का होईना, देऊन टाकते. पण मोठ्या काचेच्या दुकानात, मऊ खुर्चीवर बसवून, गार पाणी पाजून, हसत हसत कुणी मला गंडवायला लागलं की माझं टाळकं सटकतं. गाडी घ्यायला गेले तेव्हा ते चांगलंच सटकलं.

गाडी आईसाठी हवी होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ऑटोत चढणं जमेना. फोनवरून टॅक्सी बोलवावी तर ती कधी यायची, कधी वाटेतूनच परत फिरायची. मल्लेश्वरममध्ये जन्म काढलेली ही बाई. आठव्या क्रॉसच्या रस्त्यावरचा बाजार, देऊळ, तीन गल्ल्या पलीकडची मैत्रीण, सगळं पायी. ती आता दिवसभर खिडकीशी बसायची आणि मी कॉलेजातून शिकवून परत आले की रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं ते मला सांगायची. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, मला भावंडं नाहीत. तिला घराबाहेर काढायचं तर ते मलाच करायला हवं होतं. फार वाकावं न लागता सरळ बसता येईल अशी उंच सीटची एक छोटी गाडी मी हेरून ठेवली.

आईची अट एकच होती. गाडी आयुधपूजेला घरी यायला हवी.

आमच्या बेंगळुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्या वाहनांना आंघोळ घालतात, झेंडूच्या माळा घालतात, पुढ्यात कोहळा फोडतात आणि चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात. वडिलांची स्कूटर होती. दरवर्षी ते चार लिंबं आणायचे. दोन स्कूटरच्या चाकांखाली ठेवायचे आणि उरलेली दोन आईच्या हातात देऊन म्हणायचे, "ही पुढच्या वर्षीच्या गाडीची. सांभाळून ठेव." आई त्या दोन लिंबांचं सरबत करायची. हा विनोद मला कळायला लागल्यापासून चालू होता तो स्कूटर विकेपर्यंत चालला. गाडी काही आली नाही. त्यामुळे आयुधपूजाच का, असं मी आईला विचारलं नाही.

गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघी शोरूममध्ये गेलो. विक्रीला बसलेला माणूस तिशीचा, नम्र, इस्त्रीचा शर्ट घातलेला. छान कन्नड बोलत होता. त्याने आईची काठी धरली, तिला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. तिने एकेक करून दोन्ही पाय आत घेतले आणि "दुखलं नाही ग," म्हणाली. मी मनातल्या मनात गाडी तिथेच घेऊन टाकली. चेहरा मात्र कोरा ठेवला.

मग टेबलाशी बसून आम्ही आमचं खानदानी शस्त्र बाहेर काढलं. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलं. दाराबाहेर कन्नड, दाराआत मराठी. या मराठीचा बाजारात फार उपयोग होतो, कारण दुकानदाराच्या तोंडासमोर बसून आपसात ठरवता येतं. आईने साड्यांची कित्येक दुकानं अशी जिंकलेली आहेत.

"किती वर जायचं?" आईने विचारलं.

"सगळं धरून अकरा लाख, त्याच्या वर नाही. पण दहात बसायला हवी. मी हिशेब केलाय."

"हीच घे. आणि आयुधपूजेलाच हवी, ते स्वल्प जोर देऊन सांग त्याला."

तो खाली मान घालून संगणकावर काहीतरी टिपत होता. मी आयुधपूजेचं त्याला कन्नडमध्ये जोर देऊन सांगितलं. त्याने कागद छापून आणला. एकूण रक्कम अकरा लाखांना जेमतेम दोन हजार कमी.

मी कागद वाचला. कंपनीची किंमत आणि सरकारचा कर यांना हात लावता येत नाही, ते मान्य. पण त्याखाली हाताळणीचा खर्च म्हणून एक रक्कम होती. सीट कव्हर, मॅट, पॉलिश असा एक संच होता, तो घ्यावाच लागणार होता. विमा त्यांच्याकडचाच, तोही बाहेर मी चौकशी केली होती त्यापेक्षा बराच महाग.

"हाताळणी म्हणजे काय?" मी विचारलं.

"गोदामातून गाडी इथे आणायची असते ना, मॅडम."

"मग इथून घरी मी नेणार, त्याचे तुम्ही मला किती देणार?"

तो हसला. "आयुधपूजेच्या डिलिव्हरीला हे सगळं घ्यावंच लागतं, मॅडम. त्या दिवशी फार मागणी असते. नाहीतर मी शब्द देऊ शकणार नाही."

इतक्यात त्याचा फोन वाजला. तो पाठ वळवून हळू आवाजात म्हणाला, "व्हय आई, जेवलो. ठेव आता, गिऱ्हाईक हाय समोर."

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. माझी कानशिलं तापली.

"गाव कुठलं तुमचं?" मी मराठीत विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "बेळगाव, मॅडम."

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इचारलंच न्हाई की."

आईला हसू आवरेना. मला मात्र त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटत होते. आमचा अकराचा आकडा आम्हीच त्याच्या पुढ्यात वाढला होता आणि त्याने तो नीट भरून परत दिला होता. आई त्याला विचारायला लागली, गावाकडे आई एकटीच असते का, तिला स्वयंपाक होतो का. मी तिची काठी तिच्या हातात दिली आणि तिला उठवलं.

अकरा लाख माझ्याकडे नव्हते असं नाही. पण वरच्या लाखात आईच्या व्यायामाच्या बाई वर्षभर घरी आल्या असत्या. शिवाय तो चोरून ऐकलेला आकडा होता. तो मी मुकाट्याने दिला असता तर प्रत्येक सिग्नलला मला तो आठवला असता. मी ठरवलं, दहा म्हणजे दहा.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. के. आर. पुरमच्या शोरूमला फोन केला, सर्जापूर रोडच्या दोन शोरूमना केला. सगळे गोड बोलायचे आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, गाडी कधी हवी? आयुधपूजेला म्हटलं की आवाज आणखी गोड व्हायचा आणि किंमत हट्टाला पेटायची. एकदा मी मुद्दाम म्हणाले, कधीही द्या, घाई नाही. लगेच त्या संचाची सक्ती उरली नाही आणि वर थोडी सूटही निघाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही गाडीपेक्षा त्या दिवसाचेच पैसे मोजत होतो. आणि नेमका तो दिवस सोड, असं आईला सांगायची माझी छाती होत नव्हती. दहा की आयुधपूजा, असा तिढा घेऊन मी बरेच दिवस गप्प बसले.

पितृपक्ष लागला. महिना संपत आला. एका सकाळी बेळगावकराचा फोन आला, आता उघड मराठीत. "मॅडम, या की एकदा. पक्ष चालू हाय, कुत्रं फिरकत न्हाई हिकडं. मॅनेजर स्वतः बोलतो म्हणालेत."

मी एकटीच जाणार होते. आई म्हणाली, मी पण येते. मला वाटलं, तिला तेवढंच बाहेर पडायला मिळेल.

शोरूममध्ये खरोखरच शुकशुकाट होता. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेले मॅनेजर स्वतः उठून आले, मागोमाग बेळगावकर. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि पेनाने तीन ओळींवर काट मारली. हाताळणी नको, संच नको, विमा मी बाहेरून काढणार. शिवाय महिनाअखेरची सूट हवी. विम्यासकट मला गाडी दहा लाखांत पडली पाहिजे.

"सूट या महिन्यात बिल झालं तर, मॅडम," ते म्हणाले. "आणि तुम्हाला हवी आयुधपूजा. ती पुढच्या महिन्यात. त्या दिवसाच्या तर गाड्याही संपत आल्यात." बोलता बोलता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मला घाई आहे हे त्यांना पुरतं ठाऊक असल्यासारखं.

"त्या तीन ओळी लेखी समजावून द्या, मग पुढे बोलू," मी म्हणाले. ते हसले आणि चहा मागवला. चहा आला, संपला, मी खुर्ची सोडली नाही. त्यांनीही आयुधपूजा सोडली नाही. माझा आवाज चढायला लागला होता.

तेवढ्यात आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आयुधपूजा नको म्हणावं त्यांना. ह्यांची तिथी गुरुवारी आहे. गुरुवारी देतात का विचार. नाहीतर सरी, राहू दे, आपण उठूया."

आईचं कन्नड माझ्याहून चांगलं आहे. मॅनेजरांना सांगायचं तर ती सरळ सांगू शकत होती. पण ती मराठीत बोलली, आणि बेळगावकराला ऐकू जाईल इतपत मोठ्याने बोलली. तोंडावर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा चोरून ऐकलेली गोष्ट माणसाला जास्त खरी वाटते, हे तिला साड्यांच्या दुकानांनी शिकवलं असावं. मनात म्हटलं, वा ग माझी आई!

बेळगावकराने मॅनेजरांच्या कानाशी लागून सगळं कन्नडमध्ये सांगितलं. मॅनेजर चमकले.

"अम्मा, पितृपक्षात? तिथीच्या दिवशी? कुणी टाचणीसुद्धा घेत नाही हो!"

"मग तुमच्याकडे गर्दी नसेल," आई कन्नडमध्ये म्हणाली. "आमची गाडी नीट धुऊन द्या."

मॅनेजर आम्हाला समजवायला लागले. गाडी विकायला बसलेला माणूस गाडी घेऊ नका म्हणून विनवतोय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "या महिन्याचं बिल, गुरुवारी गाडी, दहा लाख. होय की नाही?" त्यांनी आत जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत येऊन सही केली. बेळगावकर खाली मान घालून हसत होता.

परतताना टॅक्सीत मी आईचा हात दाबला. "काय नाटक केलंस ग! आता बिल या महिन्यात होऊ दे. मग काहीतरी कारण काढून गाडी हळूच आयुधपूजेपर्यंत तिथेच ठेवते."

"नाटक कसलं?" आई म्हणाली.

"म्हणजे तू खरंच बसणार? पक्षात घेतलेल्या गाडीत?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "या पंधरा दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, हेच ना सगळे सांगतात? मग हे घरी असताना गाडी आली तर त्यात वाईट काय आहे? आयुधपूजेला हे कुठे असतात, कुणाला माहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि दहा म्हणजे दहा, तूच म्हणालीस ना."

इतके दिवस मी तिच्याशी हे बोलायला घाबरत होते आणि तिने मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी वडिलांचं श्राद्ध झालं. कावळ्याला पान ठेवलं, आमची जेवणं झाली आणि दुपारी बेळगावकर स्वतः गाडी घेऊन आला. रिबीन नाही, फोटो नाही, पेढे नाहीत. समोरच्या अक्का गच्चीतून ओरडल्या, "आज? आजच्या दिवशी?" आई म्हणाली, "हो, आजच."

ती काठी टेकत फाटकापर्यंत आली. पदराची गाठ सोडून तिने माझ्या हातात लिंबं दिली. चार होती. मी वाकून एकेका चाकाखाली एकेक ठेवलं. बेळगावकराने तिला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, तिने पाय आत घेतले आणि मला म्हणाली, "आठव्या क्रॉसवरून घे. स्कूटर तिथूनच जायची."

मी गाडी हळूच पुढे काढली. चाकांखाली लिंबं फुटली. आईने कान देऊन ती ऐकली आणि मग समोर बघू लागली.

त्या वर्षी आमच्याकडे सरबत झालं नाही.