हिराजीमामांचं मारुत

हिराजीमामा भगत कुठल्याही यंत्रावर आधी तळहात ठेवायचे आणि मगच बोलायचे. कामोठे गावातल्या त्यांच्या घराची पुढची खोली मी ट्यूशनच्या क्लाससाठी घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चालू स्कूटरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मास्तर, ही आजारी हाय." ती स्कूटर पुढे सहा वर्षं बिनतक्रार चालली, पण मामांनी आपलं निदान कधी मागे घेतलं नाही.

मामा हवाई दलात फिटर होते, आणि तेही मारुतवर. आपल्या देशात बनलेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. आधी पूर्ण आकाराचं, बिनइंजिनाचं लाकडी विमान बनवून, ते हवेत सोडून, मग खरं घडवलं होतं. आखणी आवाजापेक्षा जास्त वेगाची. पण त्याला हवं होतं ते दांडगं इंजिन कधी मिळालंच नाही. दोन लहान इंजिनांवर ते आयुष्यभर उडत राहिलं, आणि परदेशी विमानांवर काम करणारे त्याला हसत राहिले. "पोरगा पैलवानाचा, पन जेवान अर्ध्या ताटाचा," मामा म्हणायचे. "त्यात त्याचा काय दोष?" एकाहत्तरच्या लढाईत एक इंजिन निकामी झालेलं मारुत दुसऱ्या इंजिनावर वाळवंटातून परत आलं, हे सांगताना ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. माझी पोरं गणितं टाकून ऐकत बसायची आणि मीही त्यांना थांबवत नसे.

एका दुपारी पुण्याहून एक बाई आल्या. मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून पत्ता मिळवून आल्या होत्या. मामा ज्या मारुतचे फिटर होते, त्याचे वैमानिक देवधरसाहेब. त्यांची ही मुलगी. मी उठायला लागलो, तर मामांनी माझा हात धरला. "बसा मास्तर. एकट्यानं जमायचा नाय."

लढाईनंतर काही वर्षांनी, कमी उंचीवरून उडण्याच्या सरावात देवधरांचं विमान जमिनीवर आदळलं होतं. चौकशीत वैमानिकाची चूक ठरली. "आई कुणाच्या लग्नालासुद्धा जायची नाही," बाई म्हणाल्या. "लोक विचारतील म्हणून. तुम्ही सांगा, खरंच बाबांची चूक होती का?"

मामा गुडघा चोळत बोलू लागले.

"आदल्या दिवशी साहेब उतरले नि बोलले, दांडा डावीकडं जड लागतो." विमान वळवायचा दांडा. अशी तक्रार आली की तळाचे पत्रे उघडून, दांड्यापासून पंखापर्यंतचा एकेक जोड तपासायचा असा नियम होता. "पन त्यात अख्खा दिवस जातो. विमान बसून राहिला असता. बाकीचे हसले असते, तुमचा मारुत परत आजारी. मी उघडलाच नाय. दांडा हलवला, हात ठेवला, मना काय लागला नाय. बोललो, साहेब, ठीक हाय."

"आणि चौकशीत?"

"विचारला, नियमानं बघितलास काय? मी होय बोललो."

"म्हणजे विमान त्यामुळेच पडलं?"

"ते मना ठाव नाय, बाय. सगला जललेला. पन मी खरा बोललो असतो, तं साहेबांचीच चूक असा कोन छातीठोक बोलला नसता."

"हे आईला सांगायला हवं होतं तुम्ही. गेल्या वर्षी गेली ती."

"भ्यालो," मामा म्हणाले.

दारात चप्पल घालताना त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नको करू," मामा म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. कित्येक दिवस मी ओट्यावर बसलेल्या मामांकडे न बघता क्लासमध्ये शिरत होतो. इतका जीव लावलेल्या माणसाचा असा राग यावा, याचाच जास्त त्रास व्हायचा. पण मामा आता गप्प बसेनात. पोरांनी मारुतची गोष्ट मागितली की ते दांड्यापासूनच सुरुवात करायचे. दूधवाल्याला सांगायचे, रिक्षावाल्यांना सांगायचे. "माझ्या खोट्यापायी एका चांगल्या मानसाचा नाव खराब झाला." त्यांचा मुलगा नरेश लोकांना सांगत फिरायचा की बाबांचं डोकं फिरलंय. शेवटी त्याने त्यांचं ओट्यावर बसणं बंद केलं.

दोन वर्षांनी मामा गेले. देवळाच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. फलकावर मामांचा फोटो आणि मागे उडणारं लढाऊ विमान. नरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोला. एका इंजिनावर परत आलं, ते सांगा. बाकीचं नको."

मी ते सांगितलं, अगदी रंगवून. मग बाकीचंही सांगितलं. नरेशने येऊन माझ्या हातातून माइक काढून घेतला, तोवर सांगून झालं होतं. पुढच्या महिन्यात मी क्लास दुसऱ्या सेक्टरमध्ये हलवला. नरेश अजून माझ्याशी बोलत नाही.

सभेच्याच संध्याकाळी, मामांच्या त्या जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवून, मी पुण्याला देवधरांच्या मुलीला फोन लावला. मामा गेल्याचं सांगितलं. मग मी सभेचं सांगितलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बाबांचं नाव घेतलंत?"

"घेतलं," मी म्हणालो.