तरंगणारं उत्तर

दसहरी आंब्यांचा वास आला की मला लखनौच्या आमच्या सरकारी क्वार्टरचं अंगण आणि तिथली पाण्याने भरलेली बादली आठवते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी फॅक्टरीत इंजिनिअर होते आणि मॅनेजमेंटच्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. शेजारचे काका फळांवर संशोधन करायचे, म्हणून आमचे आंबेही तेच निवडून द्यायचे. पाण्यात बुडेल तो आतून तयार. तरंगेल तो कोवळा, अढीत घातला तरी नुसता सुरकुतणार. आईने त्यांना विचारलं, "भावजी, हिला ॲडमिशन मिळेल का हो?" एकेक आंबा बादलीत सोडत ते मला म्हणाले, "चांगली इंजिनिअर आहेस, मग मॅनेजमेंट कशाला?" मी पाठ केलेलं उत्तर फाडफाड इंग्रजीत म्हणून दाखवलं. "तरंगतंय," काका म्हणाले. "अब सच बता." मी चिडलेच. "काका, मशीन मी रोज दुरुस्त करते, पण रात्रपाळीवाले सकाळच्यांना काही सांगतच नाहीत, म्हणून रोज तोच बिघाड! आधी माणसं जुळवायला हवीत, आणि ते मला जमेल." काकांनी बादलीच्या तळातून एक आंबा काढून माझ्या हातात ठेवला आणि आईला म्हणाले, "वहिनी, हिची बॅग भरायला घ्या." कॉलेजचा निकाल पुढे यथावकाश लागला, माझा तिथेच लागला होता. आता मुलाखती मी घेते. समोरच्याने गुळगुळीत उत्तर दिलं की त्याला पुरतं बोलू देते, आणि मग म्हणते, "छान. अब सच बता."