हळद लावलेलं बदक

अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी ऑडिटर. कुणी भुताचा किस्सा रंगात आणला, की "पुरावा काय?" विचारून विचका करणारी. आता किस्सा माझाच आहे आणि पुरावा म्हणजे एक बदक!

आम्ही दुबईत अल मनखूलला राहतो. मी आणि चौदा वर्षांची सई. माझा नवरा मंदार गेल्या वर्षी अचानक गेला... हार्ट अटॅक.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मकाऊला गेलो होतो. कसिनोत प्रत्येक डावाआधी मंदार टेबलावर बोटाने तीनदा टकटक करायचा — आणि हरायचा. शेवटी समोरच्या हॉटेलात कुरकुरीत बदक खाल्लं, तर स्वारी थेट त्यांच्या किचनमध्ये! "कसिनोत हरलो, पण रेसिपी जिंकून आणली," म्हणाला. मग आपल्या दर वाढदिवसाला तो ते स्वतः करायचा. बदकावर उकळतं पाणी ओतायचं, मध-व्हिनेगर लावायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवून कातडी पापडासारखी वाळवायची. वाळली का, ते बघायला पुन्हा तीनदा टकटक. मला किचनबंदी. "तू सवयीने हळद लावशील!"

तो गेल्यापासून सई धड जेवत नव्हती. यंदा त्याचा वाढदिवस जवळ आला तेव्हा म्हणाली, "मम्मा, कॅन यू मेक बाबाज डक?" वर्षभरात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. ती बिघडून चालणारच नव्हती.

वाढदिवस रविवारी. शनिवारी सकाळी सई ऊद मेथाला क्लासला गेली. बदकावर पाणी ओतलं, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. बोलता बोलता हातांनी चिकनला लावतात तसं हळद-मीठ चोळून टाकलं! धुतलं, पुसलं, तरी पिवळंच. दुसरं फ्रोझन बदक आणलं तरी ते विरघळायलाच दीड दिवस. ते ओलंगच्च बदक तसंच फ्रीजमध्ये ठेवलं आणि घरभर येरझारा घालत राहिले. बसवेना, काही सुचेना. पोरीला काय तोंड दाखवू?

सकाळी अकराच्या सुमाराला आवाज आला. टक, टक, टक. फ्रीजमधून. म्हटलं कॉम्प्रेसर असेल... परत तीनदा.

दार उघडलं. हळदीचा मागमूस नाही. कातडी कोरडी ठणठणीत, मधाच्या रंगाची. आणि मध मी लावलाच नव्हता — ओट्यावरच्या नव्या बाटलीचं सील तसंच होतं! मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले.

रविवारी सईने खाण्याआधी कातडीवर तीनदा टकटक केलं. अख्खी तंगडी संपवली, परत मागितली. "बाबासारखंच झालंय," म्हणाली. चक्क मराठीत.

मैत्रीण म्हणते, टेन्शनमध्ये तू हळद लावलीच नसशील. असेलही. पण मग माझी बोटं पिवळी कशाने झाली होती? रंग दोन दिवस टिकला... आणि ते दोन दिवस मी हातांना साबण लावला नाही, हेही कबूल करते.