बावीस किलोची किक

आमच्या भाऊजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते आणि त्यांची मोटरसायकल एकतीस वर्षांची. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा काटे दुरुस्तीचा. दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर नीट करायचे. मोटरसायकलच्या कॅरियरला वजनांची पेटी बांधून दिवसभर दुकानं पालथी घालायची. ‘अंदाजे’ हा शब्द या माणसाला शिवीसारखा लागतो. एकदा मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, “भाऊजी, अंदाजे पाव किलो साखर द्या हो.” त्यांनी खरंच काटा मांडला आणि वरचे चार दाणे डब्यात परत टाकले.

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि मला कार चालवता येते. या दोन गुन्ह्यांपायी त्यांची सगळी ने-आण माझ्या गळ्यात पडली. कुरकुर मी भरपूर केली. पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, बरं झालं पडली. नाहीतर पुढचं सगळं मला ऐकीव कळलं असतं.

डॉक्टर भला माणूस. गुडघा बदलला आणि सांगितलं, “चालाल, जिने चढाल, तीन-साडेतीन महिन्यांनी गाडीही चालवा. फक्त उजव्या पायाने किक मारायची नाही. मी सांगेपर्यंत नाही म्हणजे नाही.”

भाऊजींचा चेहरा पडला, कारण त्यांच्या गाडीला किकशिवाय दुसरं काही नव्हतंच. मुलगी फोनवरून म्हणाली, “बाबा, बटणाची घ्या ना एखादी.” भाऊजी म्हणाले, “हीच सुरू होईल, नाहीतर मी घरी बसेन.” घरी बसलेला काटेवाला काय करतो हे ताईने ऑपरेशनआधीच्या दोन महिन्यांत पाहिलं होतं. डब्यातलं पीठ, साबणाच्या वड्या, तिच्या औषधाच्या गोळ्यासुद्धा त्याने तोलल्या होत्या. पण खरी भीती वेगळी होती. काम सुटलं की हा माणूस आतून विझेल, हे ती मला डोळे पुसत बोलली होती.

मंगळवार-शुक्रवार मी त्यांना व्यायामाला न्यायची. व्यायाम घेणाऱ्या बाईंना त्यांनी एकदा विचारलं, “या पायाने किती वजन दाबलेलं चालेल?” त्या म्हणाल्या, “हळूहळू वाढवत पंचवीस किलोपर्यंत न्या.” झालं! कारमध्ये बसल्यावर हे मला म्हणतात, “आता किकला किती लागतं तेवढं मोजू. पंचविसाच्या आत बसलं तर डॉक्टरांचं काय म्हणणं आहे?”

दुसऱ्या दिवशी आवारात तो सोहळा झाला. भाऊजी खुर्चीवर, मांडीवर वही. मी किकच्या दांडीला पिशवी अडकवून तिच्यात दोन-दोन किलोची वजनं टाकतेय. वीसपर्यंत दांडी हलेना. बाविसाव्या किलोला ती सावकाश खाली गेली. “बावीस!” भाऊजींनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर ते रोज खुर्चीत बसून उजवा पाय काट्यावर दाबायचे. बारा, पंधरा, अठरा. चौदाव्या आठवड्यात काटा बाविसावर गेला, तेव्हा त्यांनी हाक मारून मला खाली बोलावलं आणि तो आकडा दाखवला. खरं सांगते, माझेही डोळे भरून आले.

रविवारी सकाळी हेल्मेट, बूट, जाकीट असा जामानिमा करून भाऊजी गाडीवर बसले. किकवर पाय ठेवला आणि मोजून बावीस किलो दाबले. दांडी अगदी शहाण्यासारखी खाली गेली आणि शहाण्यासारखी वर आली. इंजिन गप्प. पुन्हा दाबली. सात वेळा दाबली. मग ते उतरले, पायरीवर बसले आणि हेल्मेट काढलं.

“काटा बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझंच आता काही खरं नाही. उद्या पेटी त्या चौकातल्या काटेवाल्या पोराला देऊन टाका. चांगलं काम करतो तो.”

एरवी माझं तोंड बंद राहत नाही. तेव्हा मी त्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि शेजारी पायरीवर टेकले.

ताई ओले हात पुसत बाहेर आली. “सरका,” म्हणाली. पेट्रोलची चावी चालू आहे ना ते पाहिलं, चोक पूर्ण ओढला. गाडीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, हँडल धरलं, डावा पाय दांडीवर ठेवला. आधी हळूच दाबून जड जागा शोधली आणि मग, पाच फुटांची ती बाई, सगळ्या अंगानिशी दांडीवर उसळली. दुसऱ्या किकला गाडी धडधडायला लागली.

आवारभर धूर. भाऊजी उठून उभे राहिले. पहिलं वाक्य काय बोलावं? “चोक अर्धाच ओढायचा असतो.”

“मग आज चुकला,” ताई म्हणाली.

“तुला कधीपासून येतंय हे?”

“तुम्ही व्यायामाला जायचात ना, तेव्हापासून. दर मंगळवारी. एवढे महिने नुसती उभी राहिली असती तर सुरू झाली असती का?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि अहो, ती वजनाने नाही सुरू होत. झटका द्यावा लागतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी हिच्या पोटरीवर एवढा मोठा काळानिळा डाग होता. स्टूल लागलं म्हणाली आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला. किकची दांडी उलटी उसळून पोटरीवर बसली होती, आणि हिने चकार शब्द काढला नव्हता.

भाऊजींनी तिचा हात धरला. माझ्यासमोर त्यांनी असं काही केल्याचं मला आठवत नाही. “बरं झालं तू आहेस,” ते म्हणाले. मग फाटकापर्यंत एक फेरी मारून आले आणि तिला म्हणाले, “बस मागे.”

तेव्हापासून ताई रोज किक मारते आणि मागे बसून दुकानं फिरते. प्रत्येक दुकानाबाहेर हीच किक मारते. दुकानदार आता भाऊजींच्या आधी तिला खुर्ची देतात.

सहा महिन्यांच्या तपासणीला मीच त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, “आता मारा किक बिनधास्त.” भाऊजींनी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. परत येताना कारमध्ये त्यांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “हे घरी सांगायची काही घाई नाही.”

याला पाच महिने झाले. मी कोणाला बोललेले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे केवढं काम आहे. रोज सकाळी नऊला खालून हाक ऐकू येते, “अगं, येतेस का? गाडी सुरू करायचीय.”

परवा मी ताईकडे माझा विम्याचा कागद शोधत होते. तिने भाऊजींच्या दवाखान्याची फाइल काढून दिली, त्यात चुकून गेला असेल म्हणून. तारखेवार लावलेली, नीट भोकं पाडलेली फाइल. सगळ्यात वर सहा महिन्यांच्या तपासणीचा कागद होता. ‘किक मारण्यास हरकत नाही’ या ओळीखाली ताईच्या पेनने एक बारीक रेघ मारलेली होती.

तेवढ्यात आवारातून हाक आली. ताईने फाइल माझ्या हातून घेतली, कपाटात ठेवली, बूट चढवले आणि “आले, आले, जरा दम धरा” असं ओरडत पायऱ्या उतरली.